डाव्या हाताचं विमान

आमच्या तंत्रशाळेच्या कँटीनमध्ये तर्री-पोहे खाता खाता आमचे एक सहकारी दोन विमानं उडवत. डावा पंजा म्हणजे नौदलाचं सी हॉक, उजवा पंजा म्हणजे वायुदलाचं हंटर. डावा हात कोरडा असायचा, उजव्याला पोह्यांची तर्री लागलेली असायची. त्यामुळे हंटर नेहमी तेल गाळत यायचं आणि त्या तेलाचे थेंब समोरच्याच्या शर्टावर पडायचे. नवा माणूस त्यांच्यासमोर एकदाच बसे. मी अकरा वर्षं बसले. एक तर मला त्यांच्या गप्पा आवडायच्या, आणि दुसरं म्हणजे त्या लढाईचा शेवट मला एकदाही चुकवायचा नसायचा. शेवट तसा ठरलेला होता. डावा पंजा जिंकायचा. आणि तो जिंकला की ह्या गृहस्थांचा चेहरा असा पडायचा, की बघणाऱ्याला वाटावं, ह्यांचं काही चोरीला गेलं.

मी तेव्हा मुलांना यंत्रचित्रकला शिकवत असे. कंपास, पट्टी, अणकुचीदार पेन्सिल आणि एक रेघ इकडची तिकडे झाली तर सबंध कागद फाडायला लावणारी बाई, अशी माझी ख्याती होती आणि मी ती जपून होते. ते फिटरच्या वर्गाचे निदेशक. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे. मूळचे कन्हानचे. शाळेत येण्याआधी त्यांनी नौदलात नोकरी केली होती, विमानवाहू जहाजावर, सी हॉक विमानांचे मेकॅनिक म्हणून. कन्हान नदीच्या डोहात पोहायला शिकलेला माणूस समुद्रावर कसा पोचला, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "नदी तिकडंच जाऊन राहिली होती ना जी."

मुलं त्यांना पायलट सर म्हणत. ते दर वेळी, न कंटाळता, चूक सुधारत. "पायलट नाई बे. पायलटले वर पाठवणारा." ह्या दोन्हींत काय फरक आहे ते मुलांना कळत नसे. ते बिचारे लगेच विचारत, "मंग सर, किती विमानं पाडले?"

त्यांचं एक आवडतं वाक्य होतं. "आपल्यापेक्षा वेगवान असन, त्याच्यासंग सरळ रेषेत भांडाचं नाई. त्याले वळवाचं." सी हॉक मंद होतं, हंटर कितीतरी वेगवान, पण वेगवान विमानाला वळायला जागा फार लागते, आणि मंद विमान तेवढ्या वेळात दोनदा वळून मोकळं होतं. हे विमानांपुरतं राहिलं असतं तर ठीक. पण ते हेच शास्त्र सीताबर्डीच्या गर्दीत, बाजारातल्या घासाघिशीत आणि आमच्या प्राचार्यांवरही चालवत.

प्राचार्य हातात कागद घेऊन सुसाट चालणारे. एकदा ते ह्यांना मेमो द्यायला निघाले. कारण असं, की तास संपला तरी एक कानस सापडेना म्हणून ह्यांनी सबंध वर्ग दोन तास बसवून ठेवला होता. प्राचार्य वर्कशॉपमध्ये शिरलेले दिसताच हे लेथच्या भोवती एक छोटंसं वळण घेऊन ड्रिलिंग मशीनच्या मागे गेले. प्राचार्य आपल्या वेगात सरळ स्टोअररूमच्या दारावर जाऊन थडकले, आणि त्यांच्या पाठीमागून अदबीनं आवाज आला, "सर, मले शोधून राहिले का?" प्राचार्य इतके गोंधळले, की कागद न देताच परत गेले. मेमो दुसऱ्या दिवशी शिपायाच्या हातून आलाच. तो त्यांनी मुकाट्यानं घेतला. मला म्हणाले, "शिपाई हळू चालते बाई. त्याच्यापुढं इलाज नाई."

सायकलला त्यांनी दोन आरसे लावले होते, कारण मागे बघेल तोच वाचेल असं त्यांचं मत. नागपूरच्या उन्हाळ्यात सगळं गाव सावली धरून चालतं; हे मात्र सूर्य पाठीशी धरून चालत. "उन्हातून येणारा दिसत नाई," म्हणत. त्यांचं घर पारडीच्या बाजूला, शाळा धरमपेठेकडे. म्हणजे सकाळी पश्चिमेला यायचं, संध्याकाळी पूर्वेला जायचं, सूर्य दोन्ही वेळा पाठीशी. घर आपण ह्याच हिशेबानं निवडलं, असं ते छाती फुगवून सांगत. त्यांच्या पत्नी, ज्यांना मी वहिनी म्हणे, त्या आतून सांगत, "दुसरं भेटून नव्हतं राहिलं म्हणून घेतलं जी."

त्या घराचं स्वयंपाकघर बघायला मी माझ्या आईला मुद्दाम घेऊन गेले होते. भिंतीवर एक मोठी फळी ठोकलेली. फळीवर काळ्या रंगानं झाऱ्याची आकृती, पळीची आकृती, सांडशीची, सराट्याची म्हणजे उलथन्याची. प्रत्येक वस्तू आपापल्या आकृतीवर टांगलेली. वस्तू उचलली की तिथं काळी आकृती उघडी पडायची आणि काय कमी आहे ते लांबून दिसायचं. जहाजावर हत्यारांची फळी अशीच असते म्हणे. एकदा सराटा शेजारणीकडे गेला होता, तर हे ताटावरून उठून बाजूला बसले. "अवं, तो आल्याबिगर मी जेवत नाई." वहिनी आईला म्हणाल्या, "पाहुणे आले तं आधी भांडे मोजा लागतात मले, मंग चहा." पण हसत म्हणाल्या. त्यांना ह्या मोजणीचं मूळ ठाऊक होतं. मला ते त्यानंतर कळलं.

एका शनिवारी शाळा सुटल्यावर ते माझ्या वर्गात आले. म्हणाले, "बाई, तुमच्या कागदावर खोटं चालत नाई, असं पोट्टे म्हणतात. मले एक काढून द्या." आणि मग बाकावर बसून त्यांनी सगळं सांगितलं.

त्यांच्याकडे जे विमान होतं ते एक तरुण लेफ्टनंट उडवत. बेळगावकडचे. ह्यांच्या तोंडी ते कायम नुसते 'साहेब'. साहेबांना डॉगफाइटचं वेड. म्हणजे दोन विमानं एकमेकांची शेपूट धरायला आकाशात गिरक्या घेतात, ती जवळची लढाई. काम नसलं की साहेब विमानाच्या पंखाखाली ह्यांच्याशेजारी मांडी घालून बसत आणि दोघं पंज्यांनी लढत. साहेबांचं सी हॉक, ह्यांचं हंटर. एवढ्या हुद्द्याचा माणूस आपल्याशेजारी जमिनीवर बसतो, ह्याचं ह्यांना इतक्या वर्षांनंतरही अप्रूप होतं. ते सांगताना त्यांचा आवाज बदलला.

मग सरावाची तारीख ठरली. किनाऱ्यावरून हंटर विमानं येणार, जहाजावर लुटुपुटूचा हल्ला करणार, आणि सी हॉक विमानांनी त्यांना अडवायचं. तोफांऐवजी कॅमेरे. ज्याच्या फिल्ममध्ये दुसऱ्याची शेपूट, तो जिंकला. सी हॉक हंटरला हरवील असं जहाजावर कोणाला वाटत नव्हतं, साहेब सोडून. आणि साहेबांचं ते शेवटचं उड्डाण होतं. पाठीच्या दुखण्यापायी दुसऱ्या दिवसापासून त्यांची नेमणूक जमिनीवर झाली होती. पुन्हा विमान हाती मिळणार नव्हतं.

त्या सकाळी उड्डाणाआधी ह्यांनी हत्यारं मोजली तर एक छोटा स्क्रू ड्रायव्हर कमी. विमानात राहिलेलं हत्यार आत कुठं अडकलं, तर विमान वळत नाही आणि माणूस मरतो. ह्यांनी हात वर करून विमान थांबवलं. साहेब आत पट्टे बांधून बसलेले होते. विमानं सोडायची तर जहाजाला वाऱ्याकडे तोंड करून धावावं लागतं, ते एका विमानासाठी थांबत नाही. बाकीची विमानं गेली. जहाज वळलं. ह्यांनी आपल्या विमानाचं एकेक झाकण उघडून पाहिलं. तासाभरानं पाय खाजवायला वाकले, तर स्क्रू ड्रायव्हर त्यांच्याच मोज्यात. काम करताना तिथं खोचायची सवय होती.

"समुद्र तं पायापाशी होता बाई," ते म्हणाले. "टाकून देला असता तं कोणाले काय समजलं असतं? पण आमचं दीक्षा घेतलेलं घर. बाबा मिलमधून आले का हातपाय धुवून आमाले समोर बसवत आन पंचशील म्हणून घेत. खोटं बोलाचं नाई, हे रोज म्हटलं मी. मंग समुद्रावर गेलो म्हणून काय बदलते?"

ते स्क्रू ड्रायव्हर हातात घेऊन सरळ साहेबांकडे गेले आणि मोजा दाखवला. साहेब एवढंच म्हणाले, "सापडला ना? बरं झालं." आणि खाली निघून गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी जहाज सोडलं. ह्यांना शिक्षा झाली, ती ह्यांनी भोगली, पुढं नोकरीही सोडली. मोजे मात्र त्या दिवसापासून घातले नाहीत. नागपूरच्या डिसेंबरात सायकलवरून येताना पायाची बोटं काळीनिळी पडत, तरी नाहीत.

आता मला कँटीनमधल्या त्या पडलेल्या चेहऱ्याचा उलगडा झाला. न झालेली ती लढाई ते रोज लढत होते, आणि साहेब हरावेत म्हणून लढत होते. साहेब तसेही हरलेच असते, एवढं एकदा ठरलं की आपल्या मोज्यापायी कोणाचं काही गेलं नाही, असं ठरणार होतं. त्यासाठी ते हंटरला उंची देत, सूर्य पाठीशी देत, चांगल्यात चांगला पायलट देत. पण लढाई प्रामाणिकपणे लढायची म्हणजे डाव्या हातालाही साहेबांचं सगळं कसब द्यावं लागे, आणि डावा हात जिंके.

"हात ऐकून नाई राहिले माझे," ते म्हणाले. "तुमी कागदावर करून पाहा."

मी केलं. तीन शनिवार लागले. दोन्ही विमानांचा वेग, किती वेगाला किती मोठं वळण, सगळे आकडे त्यांना तोंडपाठ. मी निळ्या पेन्सिलीनं सी हॉकचा मार्ग काढला, तांबड्या पेन्सिलीनं हंटरचा. हंटर मागून येतं. सी हॉक वळतं. मग एक क्षण येतो, त्या क्षणी सी हॉकनं हवा अडवणाऱ्या झडपा उघडून वेग एकदम तोडायचा, म्हणजे हंटर आपल्याच जोरात पुढं निघून जातं आणि शिकाऱ्याची शिकार होते. सगळं त्या एका क्षणावर. जरा उशीर झाला तर हंटर वर निघून जातं आणि वरून येऊन मान पकडतं. साहेब तो क्षण कधीही चुकवत नसत, असं त्यांनीच सांगितलं होतं, म्हणून मी झडप बरोबर जागेवर उघडली. निळी रेघ आत वळली, तांबडी बाहेर भरकटली. इतकं सुंदर आरेखन माझ्या हातून आधी झालं नव्हतं आणि नंतरही झालं नाही. मी पेन्सिल खाली ठेवली आणि मुलाला पैकीच्या पैकी गुण द्यावेत तशा आवाजात म्हणाले, "जिंकले तुमचे साहेब!"

ते कागदावर वाकून उभे होते. मग म्हणाले, "म्हणजे मीच हरवलं त्यायले." आणि टोपी घेऊन गेले.

मी मूर्ख आहे, हे मला आयुष्यात बरेचदा कळलं आहे, पण त्या शनिवाराइतकं स्वच्छ कधीच नाही. तो माणूस माझ्याकडे सुटका मागायला आला होता आणि मी त्याला भूमितीचं उत्तर दिलं. तांबडी रेघ चार अंश आत ओढली असती तर कोणाचं काय बिघडलं असतं? पण मलाही एक रेघ इकडची तिकडे करता येत नव्हती. आम्ही दोघं त्या बाबतीत एका माळेचे मणी होतो.

सोमवारपासून ते कँटीनमध्ये उजव्या हातानं खात आणि डावा मांडीवर ठेवत. शर्टांना डाग पडेनात. चार दिवसांत मला ते असह्य झालं.

आता मी मनीषनगरात राहते. त्या काळी तिकडे शेतं होती. विमानतळ जवळ असल्यानं दिवसातून कितीतरी विमानं घरावरून जातात, आणि सगळी शहाण्यासारखी सरळ जातात. मी गच्चीत वाळवण घालताना उगीच वाट बघते, की एखादं तरी अचानक आत वळेल. मग शेजारची मुलगी विचारते, "काय बघून राहिल्या काकू?" तिला काय सांगायचं! ती शाळा आता नाही, तिथं दुकानं झाली. तर्री मात्र अजून तशीच मिळते.

तर असह्य झालं, आणि मी साहेबांना पत्र लिहिलं. नाव वहिनींनी सांगितलं. त्यांना ते नवऱ्याच्या नावाइतकंच पाठ होतं. पत्ता मुंबईच्या गोदीत नोकरीला असलेल्या मावसभावानं मिळवला. पत्रात मी काही मागितलं नाही. झालं ते लिहिलं: मोजे, पंजे, स्वयंपाकघरातली फळी, माझं आरेखन आणि ते बोललेलं वाक्य. दोन महिने काही नाही. मग साहेबांचं पोस्टकार्ड आलं. मद्रासहून दिल्लीला जाताना नागपूरला सकाळी उतरतो, दुपारच्या गाडीनं पुढं जाईन. त्याला आधी सांगू नका.

मी सांगितलं नाही. वहिनींना तेवढं सांगितलं, कारण न सांगता पाहुणा आणला असता तर त्यांनी मला त्या फळीवर टांगलं असतं. त्यांनी बेसनाचे गोळे घातलेला गोळाभात केला. साहेब रिक्षातून उतरले तेव्हा केस सगळे पांढरे, पाठीला पट्टा, त्यामुळे कमालीचे ताठ. हे अंगणात सायकलचा आरसा पुसत होते. आरशात बघितलं, वळले, आणि फडकं हातात धरूनच सावधानमध्ये उभे राहिले.

"बस रे," साहेब म्हणाले. "आता मी साहेब नाही, पेन्शनर आहे."

ते बसले नाहीत. साहेब जेवले, दोनदा भात मागून घेतला, वहिनींशी पावसापाण्याचं बोलले. हे दाराशी उभे. मला वाटलं, सगळं मुसळ केरात जाणार. ताटं उचलली गेली तशी साहेबांनी सतरंजीवर मांडी घातली. पाठीला कळ आली असावी, कारण डोळे मिटून घेतले. मग आपला उजवा पंजा सी हॉक म्हणून पुढं केला आणि म्हणाले, "हंटर आण."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग वहिनींकडे. आणि येऊन समोर बसले.

मी अकरा वर्षांत ती लढाई किती वेळा पाहिली असेल, पण त्या दुपारी पहिल्यांदा दोन माणसं ती लढत होती. हंटर मागून आलं, साहेबांचा पंजा वळला, काय सुरेख वळला, मनगट कुठं मोडलं तेही दिसलं नाही. हंटर मागोमाग. दोघांच्याही कपाळावर घाम. पुन्हा वळण, आणखी आत. साहेबांची बोटं झडपेसारखी फाकली. आणि ह्यांचा पंजा एकदम वर निघून गेला, डोक्यावरून फिरला आणि खाली येऊन साहेबांच्या मनगटामागे थांबला.

"गेलो," साहेब म्हणाले. पंजा त्यांनी सतरंजीवर पालथा टाकला. "त्या दिवशीही हेच झालं असतं बघ. सगळ्या जहाजासमोर. तुझ्या त्या मोज्यानं माझी अब्रू वाचवली. इतकी वर्षं मी तुझा ऋणी आहे आणि तू वेड्या, उलटं समजत बसलास?"

ह्यांची नजर साहेबांच्या पालथ्या पंजावर होती. साहेब वाट बघत होते. "पटलं का?" त्यांनी विचारलं.

"हो साहेब," हे म्हणाले.

वहिनी पदरानं डोळे पुसत होत्या. मीही रडले, लपवण्यात अर्थ नाही. मला स्वतःचाही फार अभिमान वाटत होता. शंभर आरेखनांनी झालं नसतं ते माझ्या एका पत्रानं झालं होतं.

आम्ही दोघं साहेबांना गाडीवर सोडायला गेलो. गाडी हलली तसे हे पुन्हा सावधानमध्ये उभे राहिले आणि शेवटचा डबा दिसेनासा होईपर्यंत तसेच राहिले. फलाटावर संत्र्यांच्या टोपल्या चढवणारे हमाल त्यांना वळसा घालून जात होते. मी म्हणाले, "झालं ना आता? सुटलात."

"बाई," ते म्हणाले, "साहेब मुद्दाम हरले."

मला नीट ऐकू आलं नाही, असं वाटलं.

"झडप उघडाले उशीर केला त्यायनं. तो हात कधी उशीर करत नाई. दोन वर्षं बसलो मी त्या हातासमोर, मले नाई समजणार?"

"मग तिथंच बोलला का नाहीत?" मी जवळजवळ भांडलेच. "पटलं का विचारलं त्यांनी, तर तुम्ही हो म्हणालात!"

"काय म्हणू मंग जी? जो माणूस कोणाच्या बापाले हरला नसता, तो माझ्या घरी येऊन, पाठ दुखून राहिली तरी खाली बसून, माझ्यासाठी हरला. ते मी घ्याचं नाई का?"

ते सायकल स्टँडच्या दिशेनं चालू लागले. चार पावलं गेल्यावर थांबले आणि मी जवळ येईपर्यंत उभे राहिले. त्यांचा चेहरा मी इतका मोकळा कधी पाहिला नव्हता.

"आन 'हो साहेब' म्हटलो ना मी," ते हळूच म्हणाले, "ते माझ्या जिंदगीतलं पहिलं खोटं हाय. बाबाले सांगू नका."

त्यांच्या वडिलांना जाऊन तेव्हा वीस वर्षं झाली होती. मी म्हणाले, नाही सांगणार.